हिरड्या भरून येईपर्यंत

ताईंना मी एकतीस वर्षे ओळखतो. त्यांतली सत्तावीस आम्ही एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून काढली. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची दातांची लॅब होती. लॅब म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरे कोट येतात. आमच्याकडे एक लांब टेबल, एक नळ, घासण्याच्या दोन मोटारी आणि मेण वितळवायची शेगडी होती, आणि सगळ्यावर प्लास्टरची धूळ. दवाखान्यांतून पेशंटच्या जबड्यांचे ठसे यायचे. मी त्यांत प्लास्टर ओतून साचे काढायचो. त्या साच्यांवर ताई मेणात एकेक दात बसवायच्या. डॉक्टरांनी ते मेणातले दात पेशंटच्या तोंडात लावून बघितले, की मग पक्की कवळी व्हायची. माझे काम कुणालाही जमले असते. ताईंचे तसे नव्हते.

दात बसवायला घेण्याआधी त्या दवाखान्यात फोन करून पेशंटची चौकशी करायच्या. वय काय, काम काय करतो, जुना फोटो आहे का. डॉक्टर वैतागायचे. एकदा एक जण म्हणाले, "ताई, कवळी करायचीय, सोयरीक जमवायची नाहीये." ताईंनी शांतपणे सांगितले, की सोयरीक परवडली, ती मोडता तरी येते. दातांच्या रांगेत एखादा दात त्या मुद्दाम केसभर वाकडा बसवायच्या. सगळे सरळ असले की तोंड दुकानातल्या पुतळ्यासारखे दिसते, असे त्यांचे म्हणणे. माझे स्वतःचे दात बरेच वाकडे आहेत. त्यावरून त्या नव्या माणसाला माझी ओळख करून द्यायच्या, "हे भाऊ. यांचे दातसुद्धा लाजाळू आहेत, एकमेकांच्या मागे लपतात."

मला लिहायची सवय नाही, आणि ताईंबद्दल मी लिहावे का, हेही नक्की ठरवता आलेले नाही. पण त्यांचा मुलगा मेथ नावाच्या अमली पदार्थाच्या व्यसनात सापडला, आणि त्याला त्यातून बाहेर काढण्याच्या धडपडीत त्यांच्या हातून एक चूक झाली. दात करणाऱ्या माणसाच्याच हातून होईल अशी ती चूक होती. तिचे प्लास्टर मी ओतले.

मुलाला घरात आणि लॅबमध्ये सगळे टिल्लू म्हणायचे. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून पडलेले नाव. पुढे तो सहा फूट वाढला, नाव तेवढेच राहिले. तो सात वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. ताईंनी माहेरच्यांकडे हात पसरला नाही की दुसऱ्या लग्नाचा विचार मनात आणला नाही. सकाळी डबा, मग लॅब, मग घर आणि तो.

आमच्या लॅबची एक रीत होती. ठसे घ्यायचे नवे सामान आले, की पेशंटवर वापरण्याआधी ते आम्ही घरच्यांवर करून बघायचो. त्यामुळे नळावरच्या फळीवर आम्हा सगळ्यांच्या बायकापोरांचे जबडे ओळीने मांडलेले होते, खाली नाव आणि तारीख. टिल्लूचा होता एकोणिसाव्या वर्षीचा. दातांची भरलेली कमान, आणि वरचा डावा सुळा शेजाऱ्याच्या खांद्यावर जरासा रेललेला. ताईंना कुणी विचारले की नैसर्गिक रांग कशी असते, तर त्या पुस्तक उघडत नसत. तो जबडा खाली काढून दाखवायच्या.

चोविसाव्या वर्षी तो औषधांच्या गोदामाची व्हॅन चालवू लागला. माणसे कमी होती, एकेकाला दोन-दोन पाळ्या कराव्या लागायच्या. तिथल्या एका ड्रायव्हरने त्याला मेथ पहिल्यांदा दिले. चकचकीत खड्यांसारखे दिसते म्हणून ती मुले त्याला काच म्हणत. त्या दिवशी टिल्लूने सलग दोन पाळ्या केल्या, घरी येऊन स्वयंपाकघराच्या फरशा घासल्या, माळा उतरवून परत लावला, आणि आईला म्हणाला की मला आज अजिबात थकवा नाही. दुसऱ्या दिवशी ताई लॅबमध्ये कौतुकाने सांगत होत्या, पोरगा किती कामाचा झालाय. आम्ही सगळे मान डोलावत होतो.

पुढच्या वर्षभरात जे झाले ते ताईंना दिसत होते, पण त्यांना त्याचे दात दिसत होते. हिरडीच्या कडेने दात तपकिरी पडायला लागले होते. ताईंनी निदान केले की व्हॅनमध्ये बसून तो गोड बाटल्या पितो. तो पीतही होता, त्या नशेने तोंडाला कोरड पडते. त्यांनी बाटल्या बंद करायला लावल्या, महागडी पेस्ट आणली. मग तो दात खातो हे त्यांच्या लक्षात आले. बसल्या जागी जबडा चालू असायचा, जात्यासारखा. तेव्हा त्यांनी त्याला झोपताना दातांवर चढवायची जाड कवचपट्टी करून दिली. असली पट्टी माणसाला तीन-चार वर्षे जाते. टिल्लूने ती नऊ दिवसांत आरपार चावली. ताईंनी ती मला आणून दाखवली. मी उजेडात धरून भोकातून बघितले आणि परत दिली. मला वाटले, सामान कच्चे असेल.

तो झोपत नव्हता. तीन-तीन दिवस जागा, मग दोन दिवस मेल्यासारखा झोपलेला. वजन इतके उतरले, की आधीचा पट्टा त्याला दोन वेढे बसेल असे ताई म्हणाल्या, आणि त्यांना वाटले आम्ही हसू. कातडीखाली काहीतरी चालते म्हणून तो हात खाजवून जखमा करायचा. एकदा त्याने धुलाईचे मशीन आवाज करते म्हणून उघडले आणि त्याचे सगळे भाग खोलीभर चादरीवर आकारानुसार लावून ठेवले. ताई त्या रांगांमधून पाय उचलून चालत राहिल्या. मशीन पुन्हा कधी जोडले गेले नाही. शेवटी गोदामातून फोन आला की त्याला काढून टाकले आहे, आणि का, तेही सांगितले. तेव्हा त्यांना मेथ हे नाव कळले.

ताई रडल्या वगैरे नाहीत, निदान आमच्यासमोर. त्यांनी दोन आठवडे रजा घेतली, मोठ्या भावाला मदतीला घेतले आणि टिल्लूला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन ठेवले. सहा महिने तिथे राहायचे होते. दाखल होतानाच त्याच्या तोंडात गळू होते. तिथल्या दंतवैद्य बाईंनी तपासून वरचे सगळे दात काढायला सांगितले, खालच्या दाढाही. पुढचे सहा तेवढे खाली उरले. सव्वीस वर्षांचा मुलगा. ताई त्याला भेटून आल्या त्या दिवशी टेबलावर बसल्या आणि समोर मेण वितळत राहिले तरी त्यांनी हात लावला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "भाऊ, तो हसला हो माझ्याकडे बघून. माझ्या वडिलांचं तोंड त्याच्या चेहऱ्यावर बसवल्यासारखं."

आता आमच्या धंद्यातली साधी गोष्ट सांगतो. दात काढल्यावर हिरडी लगेच आपल्या आकारात येत नाही. खड्डे भरतात, आतले हाड झिजते, कमान आक्रसते. तीन-चार महिने थांबावे लागते. त्याआधी कवळी केली तर आज घट्ट बसलेली महिन्याभरात सैल होते, टोचते, फोड येतात. घाईच्या पेशंटला तात्पुरती कवळी देतात, पण मग ती दर काही दिवसांनी आतून भरून घ्यावी लागते. दंतवैद्य बाईंनी चार महिने म्हटले होते. ताईंना हे मी सांगायची गरज नव्हती. त्यांनीच हे शेकडो लोकांना फोनवर सांगितले होते, ऐकले नाही तर रागावूनही.

दात काढल्यापासून तेविसाव्या दिवशी त्या केंद्रात भेटायला गेल्या तेव्हा त्यांच्या पर्समध्ये ठसा घ्यायचे भांडे आणि सामानाची पुडी होती. भेटीच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून त्यांनी मुलाला तोंड उघडायला सांगितले. त्याने उघडले. ठसा त्यांनी ओल्या कापडात गुंडाळून लॅबमध्ये आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

ठसा बघितला की मला तोंड कळते. हे तोंड अजून कच्चे होते. दोन ठिकाणी ठशात रक्ताचा पुसट डाग होता. मी भांडे हातात धरून उभा राहिलो.

"जरा घाई होतेय का, ताई?"

"भाऊ, तुम्ही जन्मात कधी घाई केलीय? पाण्यात प्लास्टर पडलं तरी तुम्ही म्हणाल, जरा थांबू." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्याला आरशात स्वतःचं तोंड दिसू दे एकदा. ते दिसलं की तोही त्या तोंडाच्या मागोमाग परत येईल."

मी प्लास्टर ओतले.

त्यांनी फळीवरचा एकोणिसाव्या वर्षीचा जबडा खाली काढला आणि समोर ठेवून एकेक दात त्याच्याबरहुकूम बसवला. डावा सुळा तसाच रेललेला. इतके सुंदर काम मी त्यांच्या हातून आधी पाहिले नव्हते. दुसऱ्या लॅबमधली माणसेसुद्धा बघायला आली. फोटो काढले. लॅबचे मालक म्हणाले, ही कवळी दाखवायला ठेवली पाहिजे. कच्च्या हिरडीवर केली आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होते, आणि कुणी बोलले नाही.

एकोणचाळिसाव्या दिवशी ती टिल्लूच्या तोंडात बसली. ताई सांगत होत्या की त्याने आरसा दहा मिनिटे सोडला नाही. केंद्रातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि तिथूनच घसरण सुरू झाली, असे मला वाटते. सगळ्यांना तो बरा दिसत होता. त्यालाही. मेथ सुटल्यावर कितीतरी महिने माणसाला कशातच गोडी वाटत नाही, झोप धड येत नाही, मन चिखलात रुतल्यासारखे असते, आणि त्या काळातच त्याला सगळ्यात जास्त सांभाळावे लागते. हे तिथल्या समुपदेशकांनी ताईंना दोनदा समजावले होते. ते स्वतः अकरा वर्षांपूर्वी त्याच वाटेने आलेले गृहस्थ. पण पंचेचाळिसाव्या दिवशी टिल्लू म्हणाला, मी बरा आहे, मला घरी ने. ताईंनी त्याच्याकडे बघितले आणि त्यांना एकोणीस वर्षांचा मुलगा दिसला. समुपदेशक म्हणाले, "ताई, तुम्ही दात बघताय." ताईंना त्याचा राग आला. त्यांनी कागदावर सही केली आणि त्याला घरी आणले.

सुरुवातीचे काही आठवडे बरे गेले. त्याला एका नळ-पाइपच्या दुकानात काउंटरवर काम मिळाले. मग हिरडी आक्रसू लागली, तशी ती आक्रसणारच होती. कवळी बोलताना हलायला लागली. ताई दर रविवारी जेवणाच्या टेबलावर ती आतून भरून द्यायच्या. तो समोर तोंडावर हात धरून बसलेला असायचा. दोनदा फोड आले. तो पावाचे तुकडे दुधात बुडवून गिळायचा. एकदा तो म्हणाला होता की राहू दे, मी तसाच फिरतो, आणि ताई म्हणाल्या होत्या, वेडा आहेस का, लोक काय म्हणतील.

एका सकाळी दुकानात गर्दी असताना तो मोठ्याने कुणालातरी माप सांगत होता. कवळी सुटून काउंटरवर पडली आणि घरंगळत गिऱ्हाइकापुढे गेली. लोक हसले. त्यांत वाईट हेतू नसेल. कुणीही हसले असते. त्याने ती उचलून खिशात घातली, मोजपट्टी ठेवली आणि दुकानातून निघून गेला. त्या दिवशी तो घरी आला नाही. पाचव्या दिवशी आला तेव्हा तो पुन्हा काचेच्या नशेत होता, आणि नशा खूप केलेली होती.

त्या दुपारी ताईंचा लॅबमध्ये मला फोन आला. एवढेच म्हणाल्या, भाऊ, येता का. मी गेलो. तिसऱ्या मजल्यावरचे दार उघडेच होते. टिल्लू स्वयंपाकघराच्या ओट्याशी पाठमोरा उभा होता, हातात हातोडी. खिडकीच्या फटींना त्याने चिकटपट्टी लावली होती. ओट्यावर कवळीचे तुकडे होते आणि तो त्यांतला एकेक तुकडा उचलून डोळ्यांजवळ नेत होता. त्याला वाटत होते की आईने त्यात तार बसवली आहे, आणि तो कुठे जातो, काय बोलतो, हे तिला त्यातून ऐकू येते.

ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "अरे राजा, मी कशाला तार घालीन?"

"मग कशाला केलीस? मी मागितली होती?" दात नसल्याने शब्द धड उमटत नव्हते. "माझं तोंड आहे. तू तुला हवं तसं बनवलंस. मला विचारलंस एकदा तरी?"

तारेचे खूळ नशेचे होते, पण पुढचे बोलणे नशेचे नव्हते, आणि ते आम्हा दोघांनाही कळले. मग त्याने छातीवर हात दाबला आणि तो खाली बसला. आधी मला वाटले, थकून बसला.

हृदयाचा झटका नव्हता, पण हृदय फुगून कमजोर झाले होते. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ताईंना बाजूला घेऊन सांगितले की काच पूर्ण सुटली तर ते थोडेफार सावरेल, नाही सुटली तर पुढच्या वेळी इथवर आणता येईलच असे नाही. ताईंनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला विचारले, "भाऊ, ठशात रक्त होतं ना?" मी हो म्हणालो. खोटे बोलायला हवे होते का, ते मला आजही ठरवता येत नाही.

हॉस्पिटलमधून सुटल्यावर टिल्लूने स्वतःच सांगितले की मला दुसऱ्या केंद्रात जायचे आहे, लांबच्या. आणि आईने तीन महिने भेटायला यायचे नाही. हे त्याने आईला थेट सांगितले नाही, मामाकडून कळवले. ताईंनी निरोप ऐकला आणि विचारले, तीन म्हणजे पूर्ण तीन का? मामा म्हणाले, पूर्ण तीन.

ते तीन महिने मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून बघितले. ताईंचे काम बिघडले नाही. उलट जास्त काटेकोर झाले. पण त्यांनी दवाखान्यात फोन करणे सोडले. वय नाही, फोटो नाही. चिठ्ठीवर असेल ते करायचे. मुद्दाम वाकडा बसवायचा तो दातही गेला. एका डॉक्टरांनी मला विचारले, की ताई रिटायर झाल्या का, काम वेगळ्या हातचे वाटते. मी म्हटले, नाही, इथेच आहेत.

तीन महिन्यांनी केंद्रातून घरच्या माणसांच्या बैठकीचे बोलावणे आले. ताई म्हणाल्या, सोबत या. गोल मांडलेल्या खुर्च्या, पंधराएक माणसे, कुणाचे आईवडील, कुणाची बायको. मी दाराजवळची खुर्ची धरली. प्रत्येकाने थोडक्यात आपले सांगायचे होते. ताईंची पाळी आली तेव्हा त्यांनी कवळीचे सगळे सांगितले, हिरडीच्या आकारापासून. लोकांना कळेल की नाही याचा विचार न करता. शेवटी म्हणाल्या की माझ्या मुलाला मीच परत ढकलले.

बैठक घेणाऱ्या बाई वयाने लहान होत्या. त्या म्हणाल्या की पहिली पुडी तुम्ही दिली नव्हती आणि शेवटची तुम्ही हिसकावून घेऊ शकणार नाही. या व्यसनावर अजून अशी गोळी नाही की घेतली आणि सुटले. रोजचे वेळापत्रक, झोप, जेवण, आपल्यासारख्यांशी बोलणे, आठवड्याला तपासणी, आणि पाय घसरला तर लाजून लपून न बसता परत येणे. हे सगळे त्याला स्वतः करायचे आहे. "तुम्ही फक्त त्याचं काम त्याच्या हातातून काढून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "दार उघडं ठेवा आणि दारात उभ्या राहू नका." ताईंनी विचारले, मग मी करायचे काय? बाई म्हणाल्या, "अवघड आहे ते. थांबायचं."

त्यानंतर टिल्लू खोलीत आला. अंगावर थोडे मांस आले होते. तोंड तसेच, बोळके. केंद्राची एक पद्धत होती. लघवीच्या तपासणीत आठवडा स्वच्छ निघाला की एक चिठ्ठी उचलायला मिळायची आणि तिच्यावर लिहिलेली वस्तू मिळायची. तो आईजवळ येऊन बसला आणि खिशातून मोज्यांची जोडी काढली. म्हणाला, "बायकांचे निघाले. मला होत नाहीत." ताईंनी मोजे घेतले. घरी येईपर्यंत ते त्यांच्या हातात होते.

तो तिथे नऊ महिने राहिला. त्यात एकदा घसरला. बाहेर काम शोधायला गेला होता तेव्हा. दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन सांगितले. ताईंना हे कळले तेव्हा त्यांनी केंद्रात धाव घेतली नाही. लॅबमध्ये आल्या, एकच साचा चार वेळा धुतला. पुढे त्याला एका हॉस्पिटलच्या धोबीखान्यात काम लागले. चादरी घड्या घालायच्या. तिथे फारसे बोलावे लागत नव्हते. त्याने जवळच खोली घेतली. रविवारी आईकडे यायचा, मऊ भात खायचा, भांडी घासायचा, जायचा. कवळीचा विषय दोघेही काढत नसत. हिरड्या केव्हाच भरून पक्क्या झाल्या होत्या. आता कोणीही, कुठलाही शिकाऊसुद्धा, त्यावर कवळी केली असती. ताई मला म्हणायच्या, तो विचारेल तेव्हा करीन. दातांचा एक संच त्यांनी रंग बघून खिडकीच्या उजेडात निवडून खणात ठेवला होता. मी पाहिला होता, पण त्यांना कळू दिले नाही.

चौदा महिने असे गेले. मग एका शनिवारी त्या म्हणाल्या, "भाऊ, उद्या घरी या. टिल्लू काहीतरी दाखवायचंय म्हणालाय. तुम्ही बोलत नाही, म्हणूनच या."

मी गेलो. तो अकराच्या सुमाराला आला. दारातच त्याने मला काका, कसे आहात विचारले, आणि मी बघितले. त्याने दात बसवून घेतले होते. हॉस्पिटलच्या दंतविभागात रांगेत नंबर लावून, सगळ्या पेशंटसारखा. कुठल्यातरी लॅबमधून करवून.

मला दिसले ते ताईंना माझ्या आधी दिसले असणार. पुढच्या दोन दातांमधली रेघ नाकाच्या रेषेपासून किंचित डावीकडे सरकलेली. दात जरा पिवळट, चाळिशीच्या माणसाचे. सगळे एका मापाचे, सरळ. डावीकडच्या दाढा आधी टेकत होत्या, त्यामुळे तोंड मिटताना जबडा जरासा तिरका जात होता. काम वाईट नव्हते. रोजचे काम होते, दिवसाला पाच-सहा करणाऱ्या माणसाचे. त्याला पेशंटचे वय आणि नाव यापलीकडे काही माहीत नसणार.

टिल्लू खुर्चीवर बसला. गुडघ्यांवर हात ठेवून त्याने विचारले, "कशी झालीय?"

ताई त्याच्यासमोर बसल्या. त्यांचा उजवा हात उचलला गेला, अंगठा आणि तर्जनी, ओठ वर करून बघायला करतात तसा. मग तो त्यांनी खाली घेतला आणि दुसऱ्या हातात धरला.

"तुला बरी वाटतेय ना?"

"हो. खाता येतं." मग जिभेने डावी बाजू चाचपत तो म्हणाला, "डावीकडे जरा लागतं. चावताना."

दहा मिनिटांचे काम होते. ताईंच्या पर्समध्ये कानस कायम असायची. मी खाली बघत बसलो. स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा आवाज येत होता.

"मग त्यांना जाऊन सांग," ताई म्हणाल्या. "ते घासून देतील. त्यांना तसं सांगितलेलं आवडतं."

"मंगळवारी सुट्टी आहे. तेव्हा जाईन."

"जा."

तो जेवला. डावीकडे घास न नेता, सगळे उजवीकडून चावून. ताई त्याच्याकडे बघत नव्हत्या असे मी म्हणणार नाही, पण त्या वाढत राहिल्या. जाताना त्याने नेहमीसारखी भांडी घासली, पालथी घातली आणि हात पुसून आईच्या खांद्यावर क्षणभर ठेवला. तो जिना उतरून गेल्यावर ताई दार लावायला उठल्या आणि दाराला धरून उभ्या राहिल्या. मला पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तीन वर्षांचा होता तेव्हा पहिला दात पडला होता त्याचा, आपटून. तोही मी जपून ठेवलाय कुठेतरी." मग त्यांना रडू आले. मी किती तरी वेळ चपला घालत होतो.

सोमवारी त्या वेळेवर लॅबमध्ये आल्या. बुधवारी मला वाटले, त्या विचारतील त्याला फोन करून, की गेलास का. त्यांनी फोन हातात घेतला, ठेवला आणि मेण वितळवायला लावले.